साक्षीआधी कोणाशी बोलायचं

अण्णा, तुमच्यावर मी आज भयंकर चिडले आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर चिडून करायचं काय, ते कळेना म्हणून लिहायला बसले. तुम्ही बीडच्या कोर्टात सरकारी वकील होतात, आता मी आहे. म्हातारे वकील अजून माझी ओळख 'अण्णांची पोरगी' अशीच करून देतात, आणि इतकी वर्षं मला त्याचं कौतुकच वाटत आलं.

पाटोद्याकडच्या गावातली ती बाई आठवते का तुम्हाला? मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीत तुमच्या फायली उचलून कोर्टात यायचे. गिरणीत तिनं दळणाचा डबा रांगेत ठेवला होता. मागच्यानं तिला बाजूला हो म्हटलं, ती हलली नाही, तर त्यानं डबा लाथेनं उडवला आणि भरल्या गिरणीत तिला जातीवरून शिव्या दिल्या. ॲट्रॉसिटीची केस. पोलिसांनी फिर्यादीत एवढंच लिहिलं होतं, 'जातिवाचक शिवीगाळ केली'. शिवी कोणती, शब्द काय, एक अक्षर नाही. तारखेच्या दिवशी ती मांजरसुंब्याला गाडी बदलून नऊच्या आत आली होती आणि कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसली होती. मी म्हटलं, अण्णा, आधी तिच्याशी बोलून घ्या ना. तुम्ही मला झापलंत. "साक्षीदाराशी आधी बोलायचं नसतं. पढवल्याचा आळ येतो. कॉलेजात एवढंही शिकवत नाहीत का?" मी ओशाळले. केवढे तत्त्वाचे आपले वडील, असं वाटलं मला!

मग ती पिंजऱ्यात उभी राहिली. तो काय म्हणाला, असं तुम्ही विचारलंत. "शिव्या देल्या साहेब." कोणत्या? समोर वीसेक पुरुष, त्यात आरोपीचे भाऊ आणि तिचा स्वतःचा सासरा. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. खाली बसलात. नेमके शब्द समोर आले नाहीत म्हणून पुढे आरोपी सुटला, आणि त्या दिवशी जिना उतरताना तुम्ही मला म्हणालात, "बाईच बोलंना, मी काय करू?"

त्याच आठवड्यात खुनाच्या केसमधले व्यापारी साक्षीदार आपल्या घरी, तुमच्या ऑफिसच्या खोलीत खुर्च्यांवर बसले होते. तुम्ही त्यांना त्यांचे जबाब ओळीओळीनं वाचून दाखवत होतात. चहाचा ट्रे मीच आत नेला होता. तेव्हा तो आळ कुठे गेला होता, अण्णा? साक्षीदाराला त्याचाच जबाब वाचून दाखवण्यात काही गैर नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. तिला तर एवढंच सांगायचं होतं की बाई, ते शब्द तुझ्याच तोंडून यावे लागतील, मला पुरवता येणार नाहीत. पाच मिनिटांचं काम. लोक पोलिसांना नावं ठेवतात, कायद्याला ठेवतात, फुटणाऱ्या साक्षीदारांना ठेवतात. सरकारच्या वतीनं उभा राहिलेला माणूसच मध्येच खाली बसला, हे कोणी म्हणत नाही. तिला दुसरा वकील नव्हता. तुम्हीच होतात. आणि हे कळायला मला स्वतः सरकारी वकील व्हावं लागलं, याचीही चीड येते.

आज माझ्याकडे तशीच केस होती. गेवराईकडची एक ग्रामपंचायत सदस्य, बैठकीत खुर्चीवर बसली म्हणून शिव्या खाल्लेली. सकाळी दहाला मी तिला ऑफिसात बोलावलं, समोर बसवलं आणि तिचा जबाब वाचायला घेतला. या जबाबात शब्द होते. मी तिथवर आले आणि म्हणाले, "...आणि मग जातीवरून शिवी दिली." पुढे वाचू लागले, तर तिनं कागदावर हात ठेवला.

"थांबा मॅडम. तितं काय लिव्हलंय ते वाचा की."

"तुम्हाला माहीतच आहे ना."

"मला माहीत हाय. तुमालाच बोलवंना, तर मी त्यांच्या म्होरं कसं बोलू?"

मी त्या ओळीवर बोट ठेवलं, पण वाचवेना. शेवटी तीच बोलली, शब्दन् शब्द, आणि म्हणाली, "आता तुमी." मी वाचलं. दोनदा अडखळले. दुपारी पिंजऱ्यात ती सगळ्यांसमोर जशीच्या तशी बोलली. आरोपीचा वकील तासभर उलटतपास घेत होता, ती तसूभर हलली नाही. निकाल काय लागेल ते माहीत नाही, पण शब्द समोर आले नाहीत असं आता कोणाला लिहिता येणार नाही.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, तुमाला कावून एवढं जड गेलं हो?"

"सवय नाही अशा शब्दांची," मी म्हणाले.

खोटं बोलले, अण्णा. त्या शिवीतला जातीचा शब्द आपल्या घरात रोजचा होता. केस विस्कटलेले दिसले, फ्रॉक मळला, की तुम्ही हसत हसत मला तेच म्हणायचात, लाडानं. आणि मीही तो कॉलेजात जाईपर्यंत मैत्रिणींना म्हणत होते.