परीक्षेच्या वेळी मी घरात नसेन

ठमे,

दवाखान्यातलं काम आटपून येशील तेव्हा मी मावशीकडे गेलेली असेन. जेवण झाकून ठेवलंय, आधी जेव. तुझी हॅम रेडिओच्या परवान्याची ऑनलाइन परीक्षा तीनला आहे. परीक्षक कॅमेऱ्यातून सगळी खोली बघतात म्हणून टेबलावरची माझी पुस्तकं उचलली आहेत. दारावरची बेलही बंद केली आहे.

घरात थांबले असते, तर दाराआडून उत्तरं सांगितल्याशिवाय मला राहवलं नसतं.

काल तू हसत म्हणालीस, "आई, रेडिओवर बसलीस की तू मला फक्त एक बोट दाखवायचीस." खरंय गं. समुद्रापलीकडचे एक मास्तर रोज संध्याकाळी त्यांच्या बागेतल्या टोमॅटोंबद्दल रेडिओवरून माझ्याशी बोलायचे. सेटच्या खरखरीत त्यांचा आवाज सापडला, की मला जग मिळाल्यासारखं व्हायचं. तू लहानगी दारात यायचीस आणि मी बोट वर करायचे, थांब. एकदा थांबून थांबून तू उंबऱ्यावरच झोपलीस. बाबांनी तुला उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी मी सेट माळ्यावर टाकला आणि बिघडला म्हणून सांगितलं. तो बिघडला नव्हता. तुझी माफी मागायची सोडून मी रेडिओला शिक्षा केली.

त्या संध्याकाळी तुला काय सांगायचं होतं, ते मी कधी विचारलंच नाही. आठवत असेल, तर आज सांग. मी सहापर्यंत येते.

आई