सारख्याच तं आहा

३ एप्रिल १९७८, केनवड
वाशीमहून येताना एस.टी.त पेपर वाचला नि उडालेच. अमेरिकेत म्हणे एकाच माणसाच्या पेशीपासून हुबेहूब तसाच दुसरा माणूस केला! कॉलेजातले सर म्हणतात, थाप. असेना! आज थाप, उद्या खरं. घरी पळतच आले. शालू पाट्यावर मिरची वाटत होती. ऐकून म्हणाली, "मंग आपन दोघी काय हाव?" खरंच की! जुळ्या आम्ही, आईसुद्धा फसते. हसून हसून पोट दुखलं.

५ एप्रिल
भीमजयंतीच्या वादविवादाला हाच विषय घ्यायला लावला: माणसाची नक्कल काढावी का? मी 'काढावी'कडून. चांगल्या डॉक्टरीणबाईंच्या दहा नकला, गावोगाव एकेक! बाबाही माझ्याच बाजूने: "संत्र्याचं कलम चालते, मानसाचं काहून नाही?" टाळ्या नक्की.

९ एप्रिल, रवि.
घोटाळा. जऊळक्याचे पाहुणे शालूला पाहायला आले अन् ती तापाने फणफणलेली. आई म्हणाली, "तू बस तिच्या जागी. सारख्याच तं आहा, कोनाले समजते?"
बसले. मुलगा स्टेशनात तिकीटबाबू. विचारलं, "वाचता का काही?" झालं! मी शालू आहे हे विसरून नकलेचं सगळं भडाभडा सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "पन त्या दुसऱ्या मानसाले कोनी इचारलं का, तुले नक्कल व्हाचं हाय का म्हनून?"
मी ट्रे उचलून सरळ आत पळाले.

११ एप्रि.
होकार आला. शालूसाठी.
ती म्हणते, "त्यानं हो म्हटलं ते तुह्या बडबडीले. तोंड तं दोघीचं एकच हाय. तुले आवडला का?" टाळलं. तिने पुन्हा विचारलं.
आवडला. फार.
शालूने आईला सांगून टाकलं. आई: "तुमच्यात फरक काय हाय? लगन शालूचंच." जन्मभर हे ऐकलं, कधी राग नाही आला. आज आला.

१३ एप्रि.
भाषण फाडून नवं लिहिलं: काढू नये. दहा डॉक्टरणींतली एखादी म्हणाली, मला गायचंय, तर? तिला म्हणतील, तू तर नक्कल, तुला कोण विचारतो!
उद्या विहारासमोर कार्यक्रम. तो येतोय, होणाऱ्या मेहुणीचं भाषण ऐकायला. आई म्हणते, ताप आला म्हणून सांग, जाऊच नको. शालूने मात्र जयंतीच्या दोन्ही पांढऱ्या साड्या घडी घालून ठेवल्यात. "मी बाजूलेच बसतो. पाहू तं, कोनाले वळखते."
गप्प बसले तर कुणालाच काही कळणार नाही. तोंड उघडलं की त्याला कळलंच.
आत्ता एकदा म्हणून पाहिलं. हळूच, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. शालू दारात उभी राहून ऐकत होती.
"आनखी मोठ्यानं," म्हणाली.