एक्केचाळीस चुकांचा वारस

मी, हबीब बर मारोन, वय अडुसष्ट, राहणार उर्हाय नगरी, धंदा ग्रीक प्रवचने आपल्या सुरयानी भाषेत उतरवणे, गुडघे गेले तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. धाकटी बहीण शलमत म्हणते, "दडपण नाही कसं, दादा? महिनाभर मागे लागलेय मी!" तेही खरे.

घर, डाळिंबाचे झाड आणि गाढवी शलमतची. गाढवी माझे ऐकत नव्हती, तिचे ऐकते.

कातडी सोलायची वडिलांची सुरी चर्मकार आळीला परत द्यावी. मी वडिलांनी कमावलेल्या कातड्यांवरच लिहायला शिकलो. ते म्हणत, "माल माझा चांगला आहे, आता तुझं काम बघू."

शिष्य योहानान याने माझ्या प्रत्येक ओळीला वाहवा केली. त्याला माझा झगा द्यावा. झग्याला भोके आहेत, पण त्याला ती दिसायची नाहीत.

आता मुख्य गोष्ट. माझ्या चाळीस वर्षांच्या कामातली शेवटची नऊ प्रवचने राहिली आहेत, आणि हात थरथरतो. ती अर्धवट राहिली तर मला थडग्यातही चैन पडणार नाही. सर्व पोथ्या, दौत आणि बोरू समोरच्या गल्लीतल्या गुरियाला द्यावेत, आणि ती नऊ त्याने पुरी करावीत. अकरा वर्षांपूर्वी भर सभेत उठून त्याने माझ्या एक्केचाळीस चुका वाचून दाखवल्या. दानधर्माच्या प्रवचनातले अख्खे पान मी गाळले होते, आणि श्रीमंत श्रोते भलतेच खूश होते! तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही. एकोणचाळीस चुका खऱ्या होत्या. माझे लिखाण इतके लक्ष देऊन दुसऱ्या कोणी वाचले नाही. मला त्याची फार आठवण येते.

हे मृत्युपत्र माझ्या पश्चातच त्याला दाखवावे.

साक्षीदार: अब्शलामा, भटारी. जकय, मठाचा द्वारपाल.
सही: हबीब बर मारोन
उर्हाय, ग्रीक शक ७७२, इयार महिन्याची दहावी.

खाली, वेगळ्या अक्षरात:

अरे हबीब, शलमतताईंनी तुझं मृत्युपत्र आजच आणून दिलं. वाचलं. उरलेल्या दोन चुकाही खऱ्याच आहेत, उद्या सकाळी येऊन दाखवतो. नऊ प्रवचनं मी एकटा करणार नाही. तू सांग, मी लिहितो. ताईंना म्हणावं, मसूर जास्त शिजवा. आणि तोवर मरायचं नाही.
गुरिया