जुन्या तांदळातली काडतुसं

१८ ऑक्टोबर
चंद्रपूरहून रिकाम्या हाताने परत. म्हणजे जवळजवळ रिकाम्या. युसूफभाईंच्या बंदुकीच्या दुकानात आता एअरगन, टॉर्च आणि कुत्र्यांचे पट्टे. बाबांच्या दुनळीला चालणारी हलकी काडतुसं दोन वर्षं झाली, येतच नाहीत. "कंपनी बनातीच नही मॅडम." मग एक लाल प्लास्टिकचं नवं काडतूस पुढे केलं. "ये लेलो. अंदर बराबर घुसता है."

घुसतं. तेच तर दुखणं आहे. आमच्या बंदुकीत काडतुसाची जागा आखूड. नवं काडतूस मिटलेलं असताना आत गुमान बसतं, उडताना तोंड उघडतं तेव्हा त्याला जागा उरत नाही. वर त्याचा जोर आजच्या पोलादासाठी. आमची नळी पीळ देऊन घडवलेली, आजोबांच्या वेळची. केळीच्या सालीसारखी सोलून निघेल, धरणाऱ्याच्या बोटांसकट. हे सगळं समजावलं. म्हणाले, "आपको तो सब मालूम है मॅडम." कौतुक नव्हतं. मी कौतुक म्हणून घेतलं.

काडतुसाच्या बुडाशी बसून ठिणगी देणाऱ्या टोप्यांची एक छोटी डबी मिळाली, परवान्यावर नोंदवून. "आखरी है." बाबांची पितळी नळकांडी घरात आहेत, काळी बारूद आहे, आणि भरण्याची परवानगी बाबांच्या काळापासून परवान्यावर आहे. म्हणजे आता आपणच भरायची.

२१ ऑक्टोबर
परवान्याच्या नूतनीकरणाला गेले. खिडकीतला पोरगेला बाबू: "आजी, या वयात बंदूक कशाला?"
मी म्हटलं, "पीक राखायला. आणि आजी तुमची घरी असेल."
आत जाऊन साहेबांना विचारून आला. बंदूक फार जुनी. पोलिसांचा शस्त्र तपासणारा हवालदार दोन्ही नळ्या उडवून बघणार, तीही तिला चालणाऱ्या काडतुसांनी, आणि ती आणायची मी. उडाली तर परवाना. नाही तर परवाना बंद, नळीला भोक पाडून बंदूक निकामी. तारीख डिसेंबरात.

संध्याकाळी सुहासचा फोन. भावाचा मुलगा. जंगलाच्या गेटजवळ रिसॉर्ट चालवतो, तिथे चुलीवरची भाकरी काट्याचमच्याने खायला मिळते. बातमी त्याला माझ्याआधी. "आत्या, कशाला दगदग? भोक पाडून घेऊ, रिसेप्शनच्या भिंतीवर काय दिसेल! खाली आजोबांचा फोटो."
बाबांनी या बंदुकीने पस्तीस वर्षं चिमूर रस्त्याकडचं धान राखलं. आणि आता तिच्याखाली उभं राहून नागपूरचे हनिमूनवाले सेल्फी काढणार.
फोन ठेवला. निरोप न घेता.

२६ ऑक्टोबर
आज भरणी. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर, बाबांचं पितळी माप, लाकडी ठासणी. पंखा बंद, देवापुढचा दिवा विझवलेला, फोन परसात.
बारूद आणि छर्ऱ्यांच्या मध्ये बसवायच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या मिळत नाहीत म्हणे बाजारात. न मिळोत. ज्युनियर कॉलेजातून निवृत्त होताना फळा पुसायचे डस्टर खोकंभर घरी आणले होते, तेव्हा लोक हसले. चांगला जाड नमदा. दोनदा धुतला, तरी पाण्यात खडू येतच होता. त्याच्या चकत्या पाडल्या. इतकी वर्षं केमिस्ट्री शिकवली, ती आता छर्ऱ्यांच्या मागे बसली आहे.

बाबांचा नियम: भरताना बोलायचं नाही. कोणी मध्ये बोललं तर हातातलं काडतूस रिकामं करून पहिल्यापासून. दादा या नियमात कधी बसला नाही, त्याची जीभ वळवळायची. म्हणून बाबांनी मला बसवलं, परकर-पोलक्यात. सुट्टीत कॉन्व्हेंटमधून घरी आले की सिस्टरांना सांगता येणार नाही असा माझा गृहपाठ हाच.
वामन दारात येऊन म्हणाला, "बाई, डुकरं धानाच्या पुंजण्यात घुसून राह्यले." एक काडतूस रिकामं केलं. पुन्हा आला, "बाई, आयकलं का?" आणखी एक रिकामं केलं. वामन शेती बघतो, वीस वर्षं. डुकरांपेक्षा जास्त नुकसान आज त्याचंच.

पण झाली. पितळ घासून सोन्यासारखं. हलवून पाहिली, एकही खुळखुळत नाही. बाबांच्या पद्धतीने तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. तिसऱ्या सालचा तांदूळ, खडखडीत. दमट हवा पिऊन घेतो.
बाबा असते तर काही म्हणाले नसते. एक काडतूस उचलून कानाशी हलवून परत ठेवलं असतं. तेवढं पुरे होतं मला तेव्हाही.

१९ नोव्हेंबर
मळणी झाली. धान बरं आहे. ताप होता चार दिवस, वामनच्या बायकोने, शेवंताने, जुन्या तांदळाची मऊ खिचडी करून घातली. बरं वाटलं. वामनने नवा तांदूळ भरडून आणला, डबे भरून ठेव म्हटलं. काडतुसं जशी होती तशी ठेव, हेही सांगितलं. "ठेवली बाई, टोपी वर करून ठेवली, अगदी देवावानी."

१२ डिसेंबर
पोलीस मैदान. आजचं नीट लिहायचं.

सुहास गाडी घेऊन आला, काळा चष्मा लावून. प्रेमाने नव्हे, भिंतीचं सामान उचलायला. हवालदार उंच, तरुण, जरा हसरा. लाकडी घोड्यावर बंदूक बांधली, चापाला दोरी, आम्ही सगळे मागे. वामनने पहाटे डब्यातून काढून दिलेली माझी दोन काडतुसं त्याने हातात घेऊन पाहिली. "आजी, ही म्युझियममधली का?"
"नाही. माझ्या जेवणाच्या टेबलावरची."
मग सरकारी लाल काडतूस काढलं. "हे टाकतो, आत जातं बघा."
मी घोड्यासमोर जाऊन उभी राहिले. युसूफभाईंना सांगितलेलं सगळं पुन्हा, या वेळी वर्गातल्यासारखं. लाल काडतूस परत खिशात गेलं.

उजवी नळी. दोरी ओढली. टक्. बाकी काही नाही.
"फुसकी निघाली आजी," म्हणत हवालदार बंदूक उघडायला पुढे निघाला.
मी ओरडले. "थांब! हात लावायचा नाही!" शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज, अजून आहे. तो जागच्या जागी थांबला. त्यालाही कधीतरी माझ्यासारखी कोणी बाई शिकवायला असणार.
आणि उडाली, आत रेंगाळलेल्या ठिणगीने. पांढरा धूर, मातीच्या बांधातून ढेकळं. हवालदाराचा हात बंदुकीपासून हातभर लांब होता.
सुहासने चष्मा काढला.

डावी नळी. टक्. थांबलो, सगळे, न सांगता. बराच वेळ. ती उडालीच नाही.
हवालदाराने लिहिलं: बंदुकीत दोष नाही, काडतुसांत आहे. परवान्याचा बाबूही हजर होता, म्हणाला, साहेब जानेवारीत एक संधी देतात. शेवटची.
हवालदार स्वतः चहा घेऊन आला. "मॅडम, घ्या." आजीची मॅडम झाले. पण काडतुसं माझी होती. माझी. दोष त्यांच्यात. चहा तसाच ठेवून निघाले.

परतताना सुहास: "आत्या, तू आज त्या माणसाला वाचवलंस." मग, "पण भिंतीचं माप घेऊन ठेवलंय मी, फक्त सांगतोय."

१३ डिसेंबर
उरलेली काडतुसं बाहेर काढायला डबा उघडला आणि वासानेच कळलं. नव्या तांदळाचा वास. ओला, गोड, गवतासारखा. नवा तांदूळ पाणी पीत नाही, सोडतो. माझी काडतुसं महिनाभर त्या घामात बसली होती.
"वामन! यातला जुना तांदूळ कुठे?"
"तुम्हीच त खाल्ला ना बाई! तापात. खिचडी. डबा रिकामा दिसन म्हणून नवा भरला मी."
माझ्या बारुदीचं वाळवण मी स्वतः, लिंबाच्या लोणच्याबरोबर, खाल्लं.
"मले सांगाचं ना, का तांदूळ बारुदीसाठी हाये. मले वाटलं, खायासाठी हाये."
खूप बोलले त्याला. सगळं अन्याय्य नव्हतं. पुष्कळसं होतं.

१५ डिसेंबर
शेवंता पदराखाली गाडगं घेऊन आली. तिच्या घरचा जुना तांदूळ, मुलीच्या बाळंतपणासाठी राखलेला. "घ्या बाई. तिले अजून दिवस हायेत." आणि दारातून, नवऱ्याला ऐकू जाईल असं: "याले इचारू नका आता काही. हा बंदूकबी शिजवन."
हसले. बऱ्याच दिवसांनी.

२० डिसेंबर
पुन्हा भरणी. कोरडी बारूद, नव्या चकत्या. भरणी होईपर्यंत वामन अंगणात पहारा देत उभा, कोणालाही फाटकाशी येऊ देईना. पोस्टमनलासुद्धा परत पाठवला. टोप्या चारच उरल्या आहेत. चार काडतुसं. युसूफभाईंना फोन केला. "नही मॅडम. गर्मी तक तो नहीच."

२ जानेवारी
दिवेलागणीला डुकरं हरभऱ्यात. वामन पळत आला. "बाई, सारा वावर उकरून राह्यले. एकच बार काढा ना, वर."
चार काडतुसं. तपासणीला दोन लागणार, दोन राखीव. विचार केला: जी बंदूक पीक राखायला ठेवली म्हणून परवाना मागते आहे, ती पीक जात असताना कपाटात ठेवायची?
बांधावर उभी राहिले. आभाळाकडे नळी, चाप.
धडाम्. तेव्हाच, लगेच, जराही न रेंगाळता. खांद्याला तो ओळखीचा हलका धक्का, नव्या काडतुसांसारखा दणका नव्हे. नाल्यापलीकडून आवाज परत आला. डुकरं जंगलाच्या दिशेने, त्यांच्या मागे गावातली सगळी कुत्री.
वामन म्हणाला, "बाबासायबाच्या वक्ताचा आवाज हाये हा."
धुरात उभी होते. डोळे चुरचुरले. धुराने.

७ जानेवारी
सुहास येऊन गेला. हरभऱ्याची गोष्ट गावात ऐकली होती. बंदूक हातात घेऊन नळीवरच्या पिळाच्या नक्षीवर बोट फिरवत बसला, पहिल्यांदाच. विचारलं, "आत्या, भरायला किती वेळ लागतो शिकायला?"
मी म्हटलं, "गप्प बसायला किती वेळ लागेल तुला?"
"प्रयत्न करीन."
भिंतीचं विचारलं मग मीच. दोन खिळे ठोकून झाले आहेत म्हणाला, जरा ओशाळून. पितळी, खास बनवून घेतलेले.

८ जानेवारी, सकाळ
तीन काडतुसं गाडग्यातून काढली. एकेक कानाशी हलवून पाहिलं. आवाज नाही. पितळ हाताला कोरडं, तांदळाची धूळ लागलेलं. ती पुसली नाही.
दुपारी तपासणी. दोन नळ्या, तीन काडतुसं.
फाटकाशी सुहासचा हॉर्न. वामन मागच्या सीटवर आधीच बसला आहे, इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर गाडगं. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.
सुहासला सांगून टाकलं, दुपारी काहीही होवो, ते खिळे काढायचे नाहीत. माझी छत्री टांगायला येईन.