थोरलीच्या नावापुढची ओळ

आबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा धड बोललेले नाही. फोटोला हार घालते, तोही आई सांगते म्हणून. आज लिहायला बसलेय ते माया दाटून आली म्हणून नाही. ऑफिसातल्या एका फॉर्मने मला आठवडाभर छळलंय आणि त्या फॉर्मच्या मुळाशी तुम्ही आहात.

वसाहतीतल्या आपल्या एका खोलीत डिसेंबरच्या शेवटच्या संध्याकाळी टीव्ही बंद व्हायचा. शेजारी सगळीकडे चालू असायचा, आपल्याकडे बंद. तुम्ही कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहून आलेले असायचात, अंघोळ करून स्वच्छ बनियन घालून मधोमध बसायचात आणि शेजारच्या फळमार्केटातून आणलेला द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा माझ्यापुढे सरकवायचात. कामगारांच्या कुठल्याशा मेळाव्यात एका टायवाल्या वक्त्याने तुम्हाला सांगितलं होतं की जो माणूस ठरवलेलं लिहून ठेवतो तोच पुढे जातो. तुमचं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायचं काम माझं, कारण माझं अक्षर चांगलं. आधी जुना पुठ्ठा दारामागच्या खिळ्यावरून काढायचा, तुम्ही एकेक ओळ वाचायला लावायचात आणि म्हणायचात, "झालं का न्हाई?" झालं तर बरोबरची खूण, नाही तर फुली. फुली मारताना तुम्ही काही बोलायचा नाहीत. नुसतं बघायचात. मार खाल्लेला परवडला असता.

मग नवा पुठ्ठा. थोरलीच्या नावापुढे तिचं, धाकटीच्या नावापुढे माझं. आईचं नाव त्यावर कधी आलं नाही. एकदा ती चुलीपाशी, म्हणजे त्या स्टोव्हपाशी, उभ्याउभ्याच म्हणाली, "माजं बी कायतरी ल्हिवा की." तुम्ही म्हणालात, "तुजं काय ल्ह्यायचं? भाकरी करतीस तेवढं बास." आम्ही दोघी बहिणी हसलो. तुमच्याबरोबर हसलो. आई पण हसली आणि पीठ मळायला लागली. आज ती माझ्याकडे खारघरला राहते. सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून असते आणि काय हवं-नको विचारलं की म्हणते, "मला काय बाई, बास हाय." तिला हवं असण्याची सवयच राहिलेली नाही.

ताई अठराची आणि मी सोळाची होते त्या वर्षी ताईने मला काय लिहायला सांगितलं ते तुम्हालाही आठवत असणार. "जिल्ह्याच्या संघात निवड." तुम्ही विचारलंत, "कसला संघ?" ती म्हणाली, "कबड्डीचा, आबा." तुम्ही म्हणालात, "ल्ही." मला वाटतं, तुम्हाला ते आवडलं होतं. ती डाव्या कोपऱ्यात खेळायची. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा तिच्या हातात सापडला की सुटायचा नाही. मी शाळेच्या मैदानाच्या कडेला तिची चप्पल आणि ओढणी सांभाळत बसायचे आणि अख्खं मैदान तिच्या नावाने ओरडायचं. पुढच्या पावसाळ्यानंतर एका स्थानिक पेपरात संघाचा फोटो आला, नखाएवढे चेहरे. तुम्ही तो कापून खिशात ठेवलात. महिनाभर तो तुमच्या खिशात होता. मी दहावीला बोर्डात विज्ञानात शंभरात ब्याण्णव आणले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "आता बारावीला बघू." कात्रण बित्रण काही नाही.

मग मार्केटात कुणीतरी तुम्हाला म्हणालं, "तुमची पोरगी चड्डीवर खेळती म्हनं." कोण म्हणालं ते तुम्ही सांगितलं नाहीत. घरी येऊन नुसतं तेवढंच आईला बोललात आणि जेवला नाहीत. कात्रण त्या दिवसापासून दिसेनासं झालं.

नोव्हेंबरमध्ये ताई आणि आई मामाच्या मुलाच्या बारशाला साताऱ्याकडे गेल्या. माझी चाचणी परीक्षा होती म्हणून मी राहिले. त्या चार दिवसांत ताईच्या खेळाच्या बाई घरी आल्या. मी दार उघडलं. त्यांच्या हातात कागद होता. ताईचं नाव जिल्ह्याच्या निवड शिबिरासाठी आलं होतं, पालकांची सही शनिवारपर्यंत हवी होती. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, मला चहा टाकायला सांगितलंत. तुम्ही उद्धट बोलला नाहीत, हे मला मान्य आहे. तुम्ही म्हणालात, "बाई, तुमचं बराबर हाय. पन पोरीची जात. गुडगं फोडून घिऊन उद्या कोन करनार तिला?" बाई शांतपणे बोलत राहिल्या. दहा दिवसांचं शिबिर आहे, मी स्वतः बरोबर आहे, हिच्यासारखी पकड मी वीस वर्षांत पाहिली नाही. तुम्ही कागदाकडे बघत होतात. मला दिसत होतं की तुम्ही विरघळताय. पेन तुमच्या हातात आलं होतं, आबा. मग तुम्ही माझ्याकडे वळलात आणि विचारलंत, "काय गं, तिच्या मनात काय हाय?"

मी म्हणाले, "ताईच म्हणत होती, आता पुरे झालं. तिलाच कंटाळा आलाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "असं ती म्हणाली?"

"हो."

त्यांनी चहा अर्धा ठेवला. कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि गेल्या. तुम्ही पेन खिशाला लावलंत. मला ओरडला नाहीत, खरंच का म्हणूनही विचारलं नाहीत. तुम्हाला माहीत होतं की मी खोटं बोलले. ताई रोज पहाटे उठून वसाहतीच्या मागच्या रस्त्याला धावायची, तिला कंटाळा आलाय यावर तुमचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. पण तुम्हाला नाही म्हणायला काहीतरी कारण हवं होतं आणि मी ते आयतं हातात दिलं.

ताई आली तोवर शनिवार उलटून गेला होता. तिने बॅग ठेवायच्या आधी विचारलं, "बाई आल्या होत्या का गं?" तुम्ही पलीकडे दाढी करत होतात, आरशात आम्ही दोघी दिसत असणार. मी म्हणाले, "आल्या होत्या. आबा नाही म्हणाले." वस्तरा क्षणभर थांबला आणि परत चालू झाला. तुम्ही तिला मैदानावर जायची बंदी केलीत. बाई बाकीच्या पोरींना घेऊन शिबिराला गेल्या, पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली झाली आणि ताई शरमेने त्यांच्यासमोर गेलीच नाही. त्यामुळे माझं खोटं तसंच राहिलं, त्याला कुणाचा हात लागला नाही.

डिसेंबरच्या त्या संध्याकाळी तुम्ही जुना पुठ्ठा काढलात. मी वाचलं, "थोरली. जिल्ह्याच्या संघात निवड." तुम्ही म्हणालात, "झाली का?" ताई फरशीकडे बघत होती. "न्हाई. फुली मार." मी फुली मारली. माझी फुलीसुद्धा रेखीव असायची. मग नव्या पुठ्ठ्यावर तुम्ही तिला विचारलंच नाहीत. मला सांगितलंत, "थोरलीचं लगीन, असं ल्ही." मी लिहिलं. खाली पट्टीने रेघ मारली, प्रत्येक ओळीखाली मारायचे तशी. सकाळी ताई दारामागे उभी राहून ते वाचत होती. मला म्हणाली, "अक्षर तुझंय." मी म्हणाले, "आबांनी सांगितलं." माझ्या नावापुढे बारावीला पंच्याऐंशी टक्के लिहिलं होतं. त्या वर्षाच्या शेवटी दोन्ही ओळींपुढे बरोबरची खूण झाली आणि तुम्ही पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवलात. मला फार आनंद झाला होता. आज त्याची लाज वाटते, पण झाला होता.

ताईला तुम्ही नावड्याला दिलंत. माणूस वाईट नाही, तुमचा अंदाज तेवढा बरोबर ठरला. सासू, दोन दीर, तीन मुलं, आणि आता सगळे मार्गी लागल्यावर ती कंपन्यांतल्या पोरांना डबे देते. पण ती तुमच्याशी बोलली नाही, आबा. सणावाराला यायची, आईशी बोलायची, तुमच्यापुढे ताट ठेवायची, शब्द नाही. तुम्ही नातेवाइकांत सांगायचात, "दोघींस्नी मार्गाला लावलं." ती तेव्हा भांडी घासत असायची.

तुम्ही आठ दिवस दवाखान्यात होतात. रोज विचारायचात, "थोरली आली का?" मी म्हणायचे, येतेय. मी तिला फोन करत होते आणि ती म्हणत होती, "तू आहेस ना तिथं लाडकी." सहाव्या दिवशी दुपारी आई डबा धुवायला बाहेर गेली होती. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "त्या बाईचं तिला सांगू नगंस कदी. तुमा दोगींत फाटंल. माज्यावरच ऱ्हाऊ दे."

याला लोक मोठेपणा म्हणतील. मी म्हणत नाही. मला त्या दिवशी सांगायचं होतं. मी ठरवून आले होते की संध्याकाळी फोन करून ताईला सांगून टाकायचं, म्हणजे ती निदान एकदा तुमच्याजवळ येऊन बसेल. आणि तुम्ही, ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांनी काय करायचं ते ठरवलं, मरतानाही माझ्या पुढे एक ओळ लिहून ठेवलीत. मी नेहमीसारखी ती पाळली. ताई आली ती तुमचे डोळे मिटल्यावर. पायाशी उभी राहिली, रडली नाही. मी फार रडले, लोकांना कौतुक वाटलं.

आता त्या फॉर्मचं सांगते. मी तळोज्याच्या एका कारखान्यात लॅबची इन्चार्ज आहे, माझ्या हाताखाली नऊ जणं आहेत. दर जानेवारीला सगळ्यांनी कंप्युटरवर आपापली नव्या वर्षाची उद्दिष्टं भरायची. यंदा नवीन आलेल्या एचआरच्या मुलीने त्यात घरचं, स्वतःचंही काही लिहायचा रकाना टाकलाय. ती दोनदा येऊन गेली. "मॅडम, सगळ्यांचे आले, तुमचाच राहिलाय. तीन तरी टाका. कामाचं नको, मनापासूनचं." मी तिच्यावर खेकसले. नंतर वाईट वाटलं. तिची काहीच चूक नव्हती.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ताईकडे गेले. डबे रवाना करून ती गावच्या मैदानाच्या जाळीला धरून उभी होती. आत शाळेतल्या पोरी खेळत होत्या. ती पन्नाशीला आली, गुडघ्याला पट्टा बांधते. न खेळताच गेले तिचे गुडघे, आबा. एका पोरीला ओरडून सांगत होती, "अगं घाई करू नको, तिला आत येऊ दे, मग धर." मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "यंदा काय ठरवलंयस गं?"

ती हसली. "माझं आबांनी एकदाच ठरवून टाकलं की. त्यानंतर मी कुठं काय ठरवते."

"अजून राग आहे?"

"राग नाही. पण माफ नाही केलं. करणार पण नाही. बापाने एक सही करायची होती गं. एक सही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू तरी शिकलीस. बरं झालं." आणि माझ्या दंडावर हात ठेवला. मी तिला सुट्टी संपली असं सांगून निघाले. संपलेली नव्हती. कंपनीच्या गेटबाहेर टँकरच्या रांगेशेजारी मी वीस मिनिटं उभी होते.

परत येऊन मी फॉर्म उघडला. पहिल्या रकान्यात लिहिलं, 'बहिणीला खरं सांगणं.' मग ते खोडलं, कारण असले फॉर्म वरपर्यंत जातात. त्याजागी लिहिलं, रोज अर्धा तास चालणं. दुसरं, नवीन सॉफ्टवेअर शिकणं. तिसरं, ज्युनियर मुलींशी शांतपणे बोलणं. त्या मुलीचा लगेच मेसेज आला, 'थँक्यू मॅडम, खूप छान.'

म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला बोल लावायचे होते आणि ते लावले, त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. पेन हातात असताना पोरीला विचारून सही टाळणारा बाप मला नको होता. पण चार पानं भरून झाल्यावर एक गोष्ट कळतेय. तुम्ही "सांगू नगंस" म्हणालात तेव्हा मला राग आला होता हे खरं, पण त्याच्या आधी सुटल्यासारखं वाटलं होतं. सोळा वर्षं मी तुमचा शब्द पाळला असं नाही, तुमच्या आड लपून राहिले. आणि हे पत्र तुम्हाला लिहिलं ते एवढ्याचसाठी की तुम्ही वाचणार नाही. ताई वाचू शकते. ती माझ्या कंपनीपासून रिक्षाने दहा मिनिटांवर राहते.