भिंतीपलीकडची खडखड

२ सप्टेंबर १९८५

बंद पडलं! सकाळपासून भिंतीपलीकडून खडखड नाही. चहा दोनदा घेतला, दोन्ही वेळा गोड लागला.

३ सप्टेंबर

कारण कळलं. कागदाचा रोल संपला होता. समोर माणूस नसलं तरी हे टेलेक्स आपलं आपण छापत बसतं — म्हणून तर त्याचं एवढं कौतुक! दिल्लीच्या लालाजींची अख्खी ऑर्डर नुसत्या रबरी रुळावर उमटली. चंद्रभान रुळाला डोळा लावून वाचत बसला होता म्हणे. वाच म्हणावं!

चंद्रभान माझा सख्खा धाकटा भाऊ. हे लिहायलाही हात जड होतो. बाबांची संत्र्याची अडत, एकच दुकान, तिथेच घर. तीन वर्षांपूर्वी वाटणी झाली आणि मधोमध भिंत आली. रस्त्याकडचा दर्शनी भाग त्याला, मागचा मला. त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही. बायका बोलतात, जातात-येतात, एकमेकींच्या बरणीतलं लोणचं खातात. आम्ही नाही.

आणि गेल्या हिवाळ्यात त्याने हे मशीन आणलं. इथे टाईप करा, तिकडे दिल्लीत त्याच घटकेला छापून निघतं. मी ट्रंक कॉल लावून दुपारभर फोनपाशी बसतो, तोवर त्याचा सौदा होऊन ट्रकही निघालेला असतो. लालाजी बाबांच्या वेळेपासूनचे. दोघांना सारखा माल सांगायचे. आता त्याला तीन ट्रक, तर मला एक — तोही उपकार केल्यासारखा. असंच चाललं तर हा हंगाम माझा शेवटचा.

१७ सप्टेंबर

उत्तरा मागच्या दाराने आली, रडवेली. चंद्रभानची पोरगी. टाईपिंग शिकली आहे, तीच मशीनवर बसते. माझ्याकडे नाही आली, माझ्या बायकोकडे, मनकर्णाकडे आली. "मोठी आई, सगळे आकडेच येऊन राहिले वं! अक्षर म्हणून एक नाही!"

मी पेपर वाचत होतो. म्हणजे धरला होता.

चंद्रभानने ते आकडे चक्क भाव समजून वाचले! पेटीला फक्त पाच रुपये दिसले तेव्हा खाली बसला आणि पाणी मागितलं. हे ऐकून मला जे सुख झालं ते देवाने मोजू नये. मग मेकॅनिक आला. म्हणाला, अक्षरांवरून आकड्यांवर जायची खूण आली, परत अक्षरांवर यायची वाटेत गळाली. पुन्हा पाठवा म्हणा, झालं.

एवढंच? मला वाटलं होतं, महिनाभर तरी बसेल.

९ ऑक्टोबर

त्या मशीनचे आवाज मला पाठ झाले! घंटी वाजली पण खडखड नाही — कागद अडकला. खडखड आहे पण एकाच तालात, थांबायचं नाव नाही — लाईन तुटली, मशीन रिकामंच पळतं आहे. मेकॅनिकच्या आधी मला कळतं. दुसऱ्याच्या भाजीत मीठ कमी आहे हे आपल्या घरी बसून ओळखावं, तसलं हे ज्ञान. त्याने माझं पोट भरत नाही, फक्त दुखतं.

लालाजींचा फोन होता. "देवरावजी, आप भी टेलेक्स लगवा लो. कब तक फोन पर चिल्लाते रहोगे?" अर्ज केला आहे म्हटलं. नंबर लागेल तेव्हा लागेल. ते हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

२३ ऑक्टोबर

पुन्हा बंद! आणि या वेळी आंबिया बहाराची संत्री ऐन बाजारात असताना! काही बटणं खालीच जात नाहीत. मेकॅनिक दसऱ्याला गावी गेला तो अजून परतला नाही.

लालाजींनी स्वतः मला फोन लावला. स्वतः! एक ट्रक भरून रवाना केला. मनकर्णा म्हणाली, काय जी, गाणं गुणगुणून राहिले? मी म्हटलं, मी कुठे.

२४ ऑक्टोबर

दुपारी जेवताना मनकर्णा कौतुकाने सांगू लागली — "खांडेनवमीले भाऊजींनी मशीनची काय पूजा केली होती! फुलं, नारळ... अन् कुंकवात भिजवलेल्या अक्षता तं मूठ मूठ वाहिल्या जी!"

घास हातातच राहिला. कळलं! ओले तांदूळ. बटणांच्या फटींतून आत गेले असणार, तिथेच वाळून चिकटले असणार. एक सुई आणि एक ब्रश पुरे.

भात वाढून घेतला. संध्याकाळी लालाजींचा दुसरा ट्रक मला.

२५ ऑक्टोबर

आज तिसरा ट्रकही माझाच व्हायचा होता. होणारच होता!

सकाळी भिंतीपलीकडून चंद्रभानचा आवाज आला. पोरीवर ओरडत होता — "तुले येत नसन तं सोडून दे! माह्या धंद्याचं वाटोळं करून राहिली!" तिची काय चूक? तांदूळ याने टाकले, शिव्या तिला! थोड्या वेळाने ती मागच्या ओट्यावर येऊन बसली. डोळे सुजलेले. लहानपणी ही पोर माझ्या पोटावर झोपायची.

चंद्रभानला सांगणं शक्य नाही. तिला सरळ सांगितलं तरी त्यालाच सांगितल्यासारखं. म्हणून मनकर्णाकडे पाहून मोठ्याने म्हणालो, "ओले तांदूळ कुठंही चिकटतात वं. फटीत गेले तं कोरूनच काढा लागतात. बटणाच्या बी फटीत."

मनकर्णाला वाटलं मला ऊन लागलं. उत्तराने मात्र मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पळाली.

चहा व्हायच्या आत खडखड सुरू. तिसरा ट्रक तिकडे. चौथाही तिकडेच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! पोरगी हसायला लागली, चांगलंच झालं. पण पोटशूळ काही थांबत नाही.

४ डिसेंबर

सीताबर्डीवर टाईपिंगच्या क्लासला नाव घातलं. सगळ्या पोरी आणि एकटा मी. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, करंगळी वापरा." करंगळीला या वयात पहिल्यांदाच काम लागलं.

११ जानेवारी १९८६

त्याचं दिवसभर चालू. लिहिण्यासारखं काही नाही.

२ फेब्रुवारी

मृग बहाराचा माल यायला लागला. त्याचे दोन ट्रक गेले, माझ्या पन्नास पेट्या लोकांनी नुसत्या हाताळून ठेवल्या. आज दुकानाच्या पुढून गेलो तर त्याच्या पाटीवर टेलेक्स नंबर नव्याने रंगवलेला — नावापेक्षा मोठा! मुद्दाम. मला दिसावा म्हणूनच. वर्षभरात तो नंबर मला रामरक्षेसारखा पाठ झाला आहे.

१४ मार्च

टेलेक्स मंजूर झालं!!

२० मार्च

बसलं. लाल कापड काढलं, नारळ फोडला. मनकर्णाच्या हातातली अक्षतांची वाटी मात्र आत ठेवायला लावली.

सगळं ठीक. पण एक घात झाला. आवाजच नाही! मेकॅनिक मोठ्या अभिमानाने सांगत होता, हे नवं मॉडेल आहे, इलेक्ट्रॉनिक, जुन्यासारखा खडखडाट नाही. मांजरासारखं चुपचाप छापतं. वर्षभर मी त्याची खडखड ऐकून रक्त आटवलं, आणि माझं मशीन आलं ते मुकं! भिंतीपलीकडच्याला कळणार कसं? नारळ दोनदा फोडला असता तर बरं झालं असतं.

मनकर्णा म्हणाली, "आलं नं तुमचं मशीन? आता तरी जीव निवला?" निवला नाही.

२१ मार्च

पहिला संदेश लालाजींना जायला हवा होता. मी त्याला पाठवला.

खरं तेच लिहितो. नमस्कारासाठी नाही, दाखवायला पाठवला. करंगळीसकट सगळी बोटं लावून टाईप केलं — नमस्कार. देवराव. माझं नवीन मशीन चालू झालं. इंग्रजी अक्षरं, मराठी बोली. चूक एक नाही.

शब्द एक्स्चेंजपर्यंत गेले असतील, तिथून वळून परत आले असतील, आणि माझ्यापासून पाच हातांवर घंटी वाजली! मग खडखड. माझी! त्याच्या मशीनवर माझी खडखड! कानात प्राण आणून ऐकली. मग उत्तरा ओरडली, "बाबा! मोठ्या बाबांचं आहे!"

मग शांत. काहीच नाही.

दिवसभर वाट पाहिली. लालाजींची ऑर्डर आली, ट्रक भरला, हमाल पैसे घेऊन गेले. तरी लक्ष भिंतीकडेच. वाचून फाडून टाकला असेल. मी तरी काय केलं असतं!

२२ मार्च

उत्तर आलं. उत्तराच्या हातचं नाही, एका बोटाने टोचून टोचून केलेलं, चुकांनी भरलेलं — "दादा. तुले टेलेक्सवाल्यांनी नवं मॉडेल देलं. आवाज बी नाही म्हणते पोरगी. मले काहून हे खटारं देलं गा?"

जळतो आहे लेकाचा! तीन वर्षांनी पहिला शब्द बोलला, आणि तो हा!

उठलो. भिंतीवर थाप मारली. म्हटलं, "ये गा. पाहून जाय."

आला. अनवाणीच.