डाव्या हाताचं नाव

कलकत्ता,
११ फेब्रुवारी १९९६

आबा, नमस्कार मागनं करतो, आधी भांडण. मुंबईच्या स्टेजवर तुमी म्होरं बसणार आन् मी पडद्यामागं दुसऱ्या पियानोवर, ही अक्कल तुमाला कुणी दिली? "रजा काढून ये, पडदा मखमलीचा हाय, कुणाला कळायचं न्हाई." पडदा कसला हाय ते तुमी इचारून ठेवलंत, पण नातू बसंल का ते न्हाई इचारलं. अंकिताला सांगा, दादा म्हणतो, असलं पत्र लिवायला इतकं झकास अक्षर कशाला वाया घालवलंस?

आता नमस्कार. पाया पडतो. मी खुशाल हाय. तुमचं सांधे थंडीत दुखत असणार, पाचगणीची थंडी तशीच असंल. हितं गलाईच्या दुकानात थंडी कसली, दिवसभर भट्टीच्या तोंडाशी. चांदी वितळायची, गाळायची, परत वितळायची. कोईमतूर सोडलं, विजयवाडा सोडलं, ह्येबी सोडीन म्हणतोय. चांदी सगळीकडं सारखीच.

मालक भाऊसो आपल्या विट्याकडचं. गावाकडचा पेपर त्येंना पोस्टानं येतो, शिळा. परवा जेवताना त्येंनी हाक मारली, "आरं शंभू, तुजा आज्जा छापून आलाय गड्या!"

अर्धं पान तुमीच. लढाईच्या टायमाला पलटणीत मलेरिया होऊन तुमी कलकत्त्याला पडला, बरं झाल्यावर सोल्जर लोकांच्या क्लबात जेरोम नावाच्या काळ्या अमेरिकन शिपायानं तुमाला पियानो शिकवला, सगळं आलंय. त्येच्या गावात लोक घरभाडं भागवायला घरात पियानोवाला बसवायचे, नाचायला येणाऱ्यांकडनं पैसे घ्यायचे, ते पण आलंय. मला सांगताना तुमी जेरोमला कवा सहा फुटी करायचा, कवा बुटका. पेपरात मधला केलाय.

त्यो क्लब मी हितं शोधला. तुमी सांगितलेल्या रस्त्यावर आता चपलांचं दुकान हाय. हितं पियानो व्हता का म्हणून इचारलं, तर दुकानदार म्हणला, "कौनसा नंबर?" त्येला वाटलं नव्या चपलेचं नाव हाय.

भाऊसो मोठ्यानं वाचत व्हते, "टेप ऐकताना वाटते, एक नव्हे, दोन माणसे वाजवत आहेत." तवा दुकानातला एकजण मला म्हणला, "लगा, आज्जा एकटा दोघांचं वाजवतो, आन् तू एकट्याचं काम अर्धं ठेवतोस!" सगळी हसली. मीबी हसलो. दोनच माणसं व्हती, हे काय त्येंना सांगणार?

तुमचं वाजवणं टेप करायला मुंबईचा सायब आला, त्येला तुमी शेजारच्या खोलीत मशिनीपाशी बसवलंत. तुमी त्येला म्हणला, समोर कुणी असलं की हात चालत न्हाई. तीस वर्षं शाळेच्या पोरांम्होरं प्रार्थनेला वाजवलंत, तवा बरा चालायचा! मी तवा सुट्टीवर गावी व्हतो, शाळेच्या हॉलच्या मागच्या दारानं आलो, एका बाकावर दोघं बसलो. उजवी बाजू तुमची, डावी माझी. सांध्यांनी तुमचा डावा हात धरला तवापास्नं आपलं हेच चाललेलं. खाली करंगळीचा ठोका, तितनं उडी, वर मूठभर सूर, परत खाली. "डाव्यानं ढांगा टाकायच्या, उजव्यानं बोलायचं." तुमचंच वाक्य.

त्या दिवशी मला गंमत वाटली व्हती. चोरून पेरू काढल्यासारखी. म्हणून त्येचा राग न्हाई. राग पेपरातल्या शेवटच्या ओळीचा हाय. "माझ्यामागं ही कला कुणी शिकलं न्हाई," असं तुमी सांगितलंय. आबा, सातवी नापास झाल्यावर स्ट्रॉबेरीच्या रानातनं येऊन रोज सांजच्याला तुमच्या डाव्या अंगाला कोण बसत व्हतं? मांजर?

तरीबी आलो असतो. तुमी एकटं स्टेजवर बसला आन् डावा हात उडीच मारंना, हे डोळ्याम्होरं आलं की राग टिकत न्हाई. रजेची अडचण म्हणून लिवणार व्हतो, पण ते खोटं हाय. भाऊसो "जा" म्हणाले, तिकीटबी काढतो म्हणाले.

आईला एवढ्यात सांगू नका. दिवाळीच्या आधी चांदी वितळवायची मूस कलंडली. रसरशीत चांदी हातावर आली, डाव्या. मीच चिमटा घाईत धरला व्हता, दुसऱ्या कुणाची चूक न्हाई. दवाखान्याचं भाऊसोंनी बघितलं. हात हाय, जखम भरलीय. करंगळी आन् तिच्या शेजारचं बोट वाकत न्हाई. डाक्टर म्हणला, यापरीस सुधारायचं न्हाई. भट्टीचं काम अडत न्हाई, जेवण अडत न्हाई. ज्येला डावी करंगळी लागती असं एकच काम मला येत व्हतं.

तवा पडद्यामागं बसवायला कुणी न्हाई आता. मी आलो तरी न्हाई.

पण एक इचार करा. माझा डावा हात जसा चालायचा, तसा त्यो त्या टेपवर तेवढा ऱ्हायलाय. जगात दुसरीकडं कुठं न्हाई. आन् तिथं त्यो तुमच्या नावावर हाय.

कार्यक्रमाच्या आधी सायबाकडं जावा. बसायला सांगितलं की बसा, चहा दिला तर प्या, आन् सरळ सांगा की डावा हात नातवाचा हाय. चिडंल. कार्यक्रम मोडंल. पेपरात उलटं छापून यील. येऊ द्या. तुमचा उजवा हात खरा, जेरोम खरा, तुमी जे सांगितलं त्यातलं बाकी सगळं खरं. एवढं एकच खोटं आत घुसलंय. टेपच्या डब्यावर दोन नावं घालायला सांगा. माझं नाव खाली चालंल.

तुमच्या तोंडातनं शब्द फुटायचा न्हाई, मला म्हाईत हाय. अंकिताला संगं न्या. तुमी नुसती मान हलवा, ती बोलंल.

मनिऑर्डर आजच केली. औषधाला न्हाई, अंकिताच्या वह्यांना न्हाई, त्ये पैसे पुढल्या महिन्यात येगळे पाठवीन. ह्यात तुमा दोघांचं मुंबईचं यष्टीचं जाणं-येणं हाय. दुसऱ्या कशात मोडू नका.

तुमच्या डाव्या अंगाला बसणारा,
शंभूराज

रुपये चारशे.